नाव कोणाचं? चोपड्यातल्या एका जुन्या गाडीच्या विम्याचं प्रकरण

डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, अडावदच्या अलीकडे, एक गाडी उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. चालवणाऱ्याने ऐनवेळी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. गाडीचा डावा कोपरा ट्रॉलीखाली गेला, गाडी फिरली आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलला घासली. मोटारसायकलवरच्या पोराचा पाय मोडला. गाडीत दोघं होते, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी. पट्टे लावलेले होते म्हणून ते खरचटण्यावर निभावले.

मी चोपड्यात सोळा वर्षं विम्याचं काम करतो. या मुख्याध्यापकांना मी सर म्हणतो, कारण आठवी ते दहावी मी त्यांच्याच वर्गात होतो. त्यांची परवानगी घेऊन हे लिहितोय. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, कंपनीचंही नाही. आकडे मात्र कागदावरचे आहेत, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे काही आहे ते आकड्यांतच आहे.

गाडी आली कशी

सरांचा एक जुना विद्यार्थी पुण्याकडे चाकणच्या कारखान्यात नोकरीला आहे. आपल्याकडची बरीच पोरं तिकडेच असतात, नाहीतर सुरतला. त्याने मोठी गाडी घेतली आणि जुनी काढायची ठरवली. जुनी गाडी पेट्रोलवर चालणारी, ११९७ सीसी इंजिनाची, जून २०१९ ची पहिली नोंदणी, एमएच-१२ चा नंबर. दसऱ्याच्या मुहूर्तावर, १२ ऑक्टोबर २०२४ ला, तो स्वतः गाडी घेऊन चोपड्याला आला. ३ लाख ९० हजारांत व्यवहार झाला. पैसे बँकेतून गेले, पेढे वाटले गेले. कागदांचं विचारल्यावर तो अहिराणीत म्हणाला, "सर, गाडी ली जा, कागदेसनं मंग देखू. पॉलिसी जून लगून चालू शे."

पॉलिसी खरंच १८ जून २०२५ पर्यंत चालू होती. फुल इन्शुरन्स होता, आणि त्यावर त्याला ५० टक्के नो क्लेम बोनसही होता, म्हणजे आधीची वर्षं क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याने सह्या करून दिल्या. ते फॉर्म सरांच्या कपाटात राहिले.

इथे माझीही एक चूक आहे, ती सांगून टाकतो. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला मी सरांकडे गेलो होतो. गाडी दारात उभी होती, बोनेटवर हळदीकुंकू होतं. मी अभिनंदन केलं, चहा घेतला आणि निघालो. आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, कुणाच्या नावावर आहे, हा एक प्रश्न मी विचारला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. माझ्या धंद्यात तो प्रश्न चहाच्या आधी विचारायचा असतो.

वर्कशॉपमधला अर्धा तास

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी गाडी जळगावच्या वर्कशॉपमध्ये होती. विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेले सर्व्हेअर आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी बोनेट अर्धवट उचललं. ते वाकल्यामुळे पूर्ण उघडत नव्हतं. रेडिएटरमधून हिरवट पाणी अजून थेंब थेंब गळत होतं. हेडलाइटचा एक कान तुटून बंपरमध्ये अडकला होता. त्यांनी फोटो काढले, चॅसिस नंबर ओल्या फडक्याने पुसून वाचला. मग सरांच्या हातातली प्लास्टिकची फाइल घेतली आणि आरसीचं कार्ड पॉलिसीच्या कागदाशेजारी धरलं.

"गाडी कुणाची?"

"माझी," सर म्हणाले.

"यांच्यावर आहे ना पण," ते आरसीवरचं नाव दाखवत म्हणाले. "आणि पॉलिसीपण यांचीच. तुम्ही घेऊन किती दिवस झाले?"

सरांनी खरं ते सांगितलं: दोन महिने. सर्व्हेअरने वहीत तारीख टिपली आणि पेन खिशाला लावलं. "सर, मी रिपोर्ट देतो. पण मला आशा वाटत नाही."

महिनाभराने पत्र आलं. गाडी विकल्यावर पॉलिसीधारकाचं तिच्यात विमायोग्य हित (गाडीचं नुकसान झालं तर त्याला स्वतःला तोटा होईल असा संबंध) उरलं नाही आणि नव्या मालकाशी कंपनीचा करार नाही, म्हणून दावा नामंजूर. सरांना फार लागलं. "हप्ता तर भरलेला होता ना?" एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले. प्रश्न रास्त आहे आणि पुष्कळांना पडतो, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो.

आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात दोन वेगळे विमे एकत्र बांधलेले असतात. एक थर्ड पार्टीचा: आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर गाडी काढायची तर हा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. दुसरा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे, आपला आणि कंपनीचा खासगी करार आहे.

गाडी विकली गेली की कायदा या दोघांना वेगवेगळं वागवतो. कलम १५७ म्हणतं, विमा नव्या मालकाच्या नावे झाला असं मानावं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं की हे मानणं फक्त थर्ड पार्टीपुरतं आहे. रस्त्यावरच्या जखमी माणसाला मालकी बदलल्याचा फटका बसू नये, हा त्यामागचा हेतू. आपल्या गाडीच्या नुकसानीचा करार मात्र आपोआप सरकत नाही. त्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर आपलं नाव चढवून घ्यावं लागतं. सरांचे ते १४ दिवस २६ ऑक्टोबरला संपले होते. त्या दिवसापासून अपघातापर्यंत त्यांच्या गाडीला, तिच्यापुरता, विमाच नव्हता. हप्ता भरलेला असूनही.

त्या रात्रीच्या मोटारसायकलवाल्या पोराचा दावा म्हणूनच वेगळ्या वाटेने गेला. पॉलिसी चालू होती, त्यामुळे त्याच्या भरपाईची जबाबदारी कंपनीकडे राहते. याचं मला मनापासून समाधान आहे. घरचा कमावता पोरगा होता तो.

बिलाचा हिशेब

वर्कशॉपचं बिल झालं १ लाख १२ हजार. बंपर, ग्रिल, हेडलाइट, पंख्याची जाळी असे प्लास्टिकचे भाग ३४ हजारांचे. बोनेट, फेंडर, रेडिएटर असे धातूचे ४० हजारांचे. काच ९ हजार, मजुरी २१ हजार, रंगाचं सामान ८ हजार.

पॉलिसी सरांच्या नावावर असती तर किती मिळालं असतं? साध्या फुल इन्शुरन्समध्ये प्लास्टिक आणि रबरावर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, कापतात, त्यामुळे १७ हजार मिळाले असते. धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, म्हणजे २४ हजार हाती आले असते. काचेला घसारा नाही, मजुरीलाही नाही. रंगाच्या सामानाचे निम्मे, ४ हजार. एकूण ७५ हजार, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला आपण स्वतः सोसायची रक्कम, १,००० रुपये. राहिले ७४ हजार.

आता हे ७४ हजार कशापायी गेले ते बघा. नाव बदलायची नियमातली फी ५० रुपये. त्यात आणखी एक भर पडते. नो क्लेम बोनस हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विद्यार्थ्याचा ५० टक्के बोनस सरांना वापरता आला नसता, त्यामुळे उरलेल्या आठ महिन्यांचा फरक कंपनीने भरून घेतला असता. त्या पॉलिसीत बोनसमुळे वाचलेली रक्कम वर्षाला ३,४०० रुपये होती. आठ महिन्यांचे २,२६७, वर जीएसटी, म्हणजे २,७०० च्या आतबाहेर. "कशाला खर्च, पॉलिसी तर चालूच आहे" असं जे विद्यार्थ्याने सांगितलं, ते याच रकमेबद्दल. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सरांचे पैसे वाचावेत असंच त्याला वाटत होतं.

शिरपूरची जुनी गाडी

हिशेब करता करता मी सहज विचारलं, "सर, तुमची जुनी छोटी गाडी?"

ती मे महिन्यात शिरपूरच्या एका माणसाला विकली होती. ७९६ सीसीची, २०१२ ची. पैसे आले, किल्ली गेली. मी मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये नंबर टाकला. मालकाच्या रकान्यात सरांचंच नाव. विमा फेब्रुवारी २०२५ पर्यंत, सरांच्याच नावाने, मीच करून दिलेला. ५० टक्के बोनससकट.

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. पुण्याच्या विद्यार्थ्याने त्यांच्या बाबतीत जे केलं, तेच त्यांनी शिरपूरच्या माणसाच्या बाबतीत केलं होतं. आणि यात धोका दुहेरी. ती गाडी शिरपूरकडे कुणाला धडकली असती तर नोटीस चोपड्याला, सरांच्या दारात आली असती. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी किती हात फिरली हे महत्त्वाचं नाही, नोंदणीत ज्याचं नाव, तो मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्या खटल्यातली गाडीही एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती. कागदावर मात्र पहिलाच माणूस राहिला होता.

म्हणून कायद्याने विकणाऱ्यावरही काम टाकलंय. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आपल्याकडे सगळी भिस्त घेणाऱ्यावर असते. विकणारा सही करून मोकळा झाला असं समजतो, पण मोकळा झालेला नसतो.

दुसरा तोटा पैशांचा. सरांनी बारा वर्षं एकही क्लेम न करता कमावलेला ५० टक्के बोनस त्या जुन्या गाडीत अडकून पडला होता. मे मध्येच ती गाडी नावावरून उतरवून, विक्रीचा पुरावा देऊन कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं असतं, तर ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या गाडीवर तोच बोनस लावता आला असता. पॉलिसी नावावर करताना घेणाऱ्याकडे स्वतःचा बोनस असेल तर फक्त फरक वसूल करतात. इथे दोन्हीकडे ५० टक्के. फरक शून्य. म्हणजे ते २,७०० रुपयेही लागले नसते, फक्त फी. हे मी सरांना वहीत मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

जानेवारीत आम्ही दोघं शिरपूरला गेलो. तोच रस्ता, पश्चिमेकडे. गाडी घेणारा भाजीचा व्यापार करतो. मोठ्या मनाने बसवलं, चहा दिला, पण मुद्द्यावर अडला. "गाडी चालू शे ना, मंग कागदेसनं काय करनं शे?" मी त्याला कायद्याचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की उद्या ही गाडी चोरीला गेली तर तुम्हाला एक रुपयाही मिळणार नाही. तो लगेच उठला आणि आधार कार्ड घेऊन आला.

त्याच्या गाडीचं पुढे काय करायचं हेही तिथेच ठरलं. बारा वर्षांची गाडी, विक्रीत जेमतेम ७० हजारांची. तिला फुल इन्शुरन्स नको, असं मी स्पष्ट सांगितलं. घसारा कापून हाती काय येणार आणि त्यासाठी दरवर्षी किती भरणार, याचा मेळ बसत नाही. एक हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी दर २,०९४ रुपये अधिक जीएसटी. तेवढाच घ्या, स्वतःच्या नावाने घ्या. सगळ्यांना सगळंच विकायचं असा आमच्या धंद्यात एक दबाव असतो. पण जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी, हा सल्ला मी न चुकता देतो.

सरांची पुण्याची गाडी जानेवारीतच जळगाव आरटीओत त्यांच्या नावावर झाली, पॉलिसीही झाली. उरलेल्या पाच महिन्यांचा बोनस-फरक जीएसटीसह १,६७२ रुपये भरावा लागला. मार्चमध्ये शिरपूरची आरसी बदलून आली. तिची प्रत जोडून बोनसचं पत्र मिळालं. ते पत्र तीन वर्षं चालतं आणि त्याच प्रकारच्या गाडीला लागू होतं. मोटारसायकलचा बोनस कारला लागत नाही.

जूनमधलं नूतनीकरण

जून उजाडला आणि सरांना फोन सुरू झाले. एकाने १६,१२६ रुपयांचं कोटेशन पाठवलं. सर ते छापून घेऊन आले. अपघातानंतर सगळं छापून घ्यायची त्यांना सवय लागलीय.

आम्ही पेन घेऊन बसलो. थर्ड पार्टी ३,४१६. हा हजार ते पंधराशे सीसीचा दर, १ जून २०२२ पासूनचा, सरकारने ठरवलेला. यात कोणतीही कंपनी एक रुपया कमी करू शकत नाही. कुणी करून देतो म्हणाला तर दुसरं दार धरावं. पंधराशे सीसीच्या वर हाच दर ७,८९७ होतो, म्हणून गाडी घेतानाच इंजिनाचा विचार करणारे शहाणे.

ओन डॅमेज ६,६००, गाडीची विमा किंमत म्हणजे आयडीव्ही ३ लाख २० हजार धरून. बोनस शून्य. का? तर सरांनी फोनवर "आधी क्लेम नाही" एवढंच सांगितलं होतं, पत्राचं नाही. फोनवरच्या मुलीने उलट सुचवलं होतं की ५० टक्के टाकून देते, कोणी बघत नाही. सरांनी नकार दिला, आणि ते फार बरं झालं. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे बोनस पडताळून बघते, आणि बोनसबद्दल खोटं लिहून दिलं असेल तर ओन डॅमेजचा सगळा हक्क जातो. इथे खोटं लिहायची गरजच नव्हती. पत्र लावलं आणि ६,६०० चे ३,३०० झाले.

मग जोडण्या, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायची वाढीव संरक्षणं. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापण्याची सोय, १,६००, इंजिन संरक्षण ५००, किरकोळ सामान ३००, किल्ली ३००, गाडीतलं सामान २००, रस्त्यावरची मदत १००. झिरो डेप ठेवला. मघाचं बिल बघा. घसाऱ्यातच ३७ हजार जात होते. सहा वर्षांच्या गाडीला तो मिळतोय तोवर घ्यावा. इंजिन संरक्षणावर सर म्हणाले, "आपल्याकडे पूर कुठे?" मी त्यांना ऑगस्ट २०२१ ची आठवण दिली. त्यांची लेक चाळीसगावला असते. तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी तेव्हा शहरात घुसलं होतं. पाण्यात बंद पडलेली गाडी सेल मारून चालू करायला गेलं की इंजिनात पाणी जातं, आणि त्या नुकसानीला साधी पॉलिसी सहसा हात वर करते. ५०० रुपये ठेवले. किल्ली, किरकोळ सामान, गाडीतलं सामान काढून टाकलं.

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा ३५० रुपये. हा सक्तीचा आहे, पण एक सवलत आहे: तुमच्याकडे आधीच किमान १५ लाखांची, मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला संरक्षण देणारी अपघात पॉलिसी असेल तर गाडीसोबत पुन्हा घ्यावी लागत नाही. सरांना मुलाने २० लाखांची काढून दिलेली होती. तिची प्रत जोडली, ३५० वाचले. ज्यांच्याकडे अशी पॉलिसी नाही त्यांनी मात्र हे कापायचं नाही. प्रवाशांचा अपघात विमा २५० आणि पगारी ड्रायव्हरचे ५० आम्ही तसेच ठेवले. सप्तशृंगीला किंवा पुण्याला जाताना सर गावातला एक मुलगा ड्रायव्हर म्हणून नेतात. त्याला काही झालं तर त्या ५० रुपयांचं मोल कळतं.

आता बेरीज. ३,३०० अधिक २,२०० अधिक ३,७१६, म्हणजे ९,२१६. त्यावर १८ टक्के जीएसटी. १०,८७५ रुपये. कोटेशनपेक्षा ५,२५१ कमी, आणि सरांच्या कामाचं एकही संरक्षण गेलेलं नाही.

याहून कमी करता आलं असतं का? आलं असतं, पण मी करू दिलं नाही. तीन गोष्टी पुढे आल्या होत्या. आयडीव्ही २ लाख ४० हजारांवर आणली तर ८२५ रुपये वाचत होते. पण गाडी चोरीला गेली की ८० हजारांचा खड्डा. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. ती रेषा २ लाख ४० हजारांवरून १ लाख ८० हजारांवर आली असती. दुसरी, ऐच्छिक वजावट. दर क्लेमला आणखी ५,००० स्वतः सोसायचे कबूल केले तर ओन डॅमेजमध्ये २५ टक्के सूट, सरांच्या बाबतीत तेच ८२५, जीएसटी धरून ९७४. पाच वर्षं क्लेम झाला नाही तर बरोबरी, सहाव्या वर्षी कमाई. शहरात फक्त दुकान-ते-घर चालवणाऱ्याला मी हे आनंदाने सुचवतो. केळीचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या चुकवत रात्रीचं यावल-रावेर करणाऱ्याला नाही. तिसरी, दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून ६,००० वर आणायची आणि त्याबदल्यात १०० रुपये सूट. हे मी कुणालाच सुचवत नाही. केळीने भरलेला पिकअप उलटला तर ६ हजारांत त्याची ताडपत्रीही येणार नाही.

एमएच-१२ वरून जळगावला आल्याचा काही फायदा? जुन्या दरपत्रकात पुणे, मुंबईसह आठ मोठी शहरं एका झोनमध्ये आणि बाकी देश दुसऱ्यात. आपण दुसऱ्यात, आणि आपला दर थोडा कमी. फरक शेकड्याला तीनेक टक्क्यांचा. सरांना तो निम्मा वाटत होता, तसं नाही.

गाडी कमी चालत असेल तर किलोमीटरवर आधारित हप्त्याची सोय विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये खुली केली. सर वर्षाला चार हजार किलोमीटरही चालवत नाहीत. यंदा मीटरचे फोटो दर तिमाहीला ठेवायला सांगितलेत, पुढच्या जूनमध्ये तो पर्याय शेजारी ठेवून बघू.

एक गोष्ट निघता निघता सरांनीच विचारली. लग्नसराईत शेजारचे गाडी मागतात, डिझेल-पेट्रोलच्या वर हजार-दोन हजार देतात, घ्यावेत का? नको म्हटलं. खासगी पॉलिसीत भाड्याने देणं बसत नाही. गाडी द्यायची तर प्रेमाने द्या, चालवणाऱ्याचा परवाना बघून द्या, पैसे घेऊ नका.

जुलैमध्ये घराच्या फाटकाला गाडी घासली. बंपर रंगवायला ३,२०० रुपये. सरांनी फोन करून विचारलं, क्लेम करू का? एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्के बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा २० टक्क्यांपासून चढायला लागतो. सक्तीची वजावट कापून हाती २,२०० येणार आणि पुढच्या जूनमध्ये ३,३०० च्या आसपास जादा भरावे लागणार. त्यांनी खिशातून रंगवून घेतला.

मोटारसायकलवाल्या पोराचा दावा अजून मोटार अपघात न्यायाधिकरणात आहे. नोटीस निघाली ती तिघांना: विमा कंपनी, चालक म्हणून सर, आणि नोंदणीकृत मालक म्हणून पुण्याचा विद्यार्थी. अपघाताच्या रात्री तो चाकणला रात्रपाळीला होता. नोटीस हातात पडल्यावर त्याने सरांना फोन केला, त्याचा आवाज घाबरलेला होता. सरांनी त्याला सांगितलं की खर्च माझा, तारखेला मी येईन. त्या तारखांना दोघं एकाच बाकावर बसतात. पहिल्या तारखेला पोरगा कुबड्या घेऊन आला होता. मागच्या तारखेला एक कुबडी सुटलेली होती.